मागू नये

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी
ग्लोरियाचा मुलगा दारात उभा.
"वेळ चुकीची आहे, पण
रविवारी रोस आहे धाकटीचा, मोठं भाण..."
पुढचं त्याला बोलवेना.
सुतकातल्या घरातलं भांडं चालेल का
हे त्यानं विचारलं नाही, मीही नाही.
पडवीचं कुलूप काढलं, भाण दोघांनी उचललं,
आणि उंबऱ्यावर तो थांबला.
"वही?" म्हणाला.
"लिहिल्याशिवाय शालनबाय देत नव्हती."

वही खिळ्याला, पेन्सिल सुतळीला.
पोर्तुगीजांच्या वेळची मराठी तिसरी,
देवळाच्या सभामंडपात शिकलेली.
अक्षर मोठं, प्रत्येक वेलांटी सावकाश:

केरकर, मुंज, पराती चार.
जुझे पेद्रू, बापाचा महिना, पातेली दोन, झाकणं धरून.
शाळा, झेंडा, चहाची किटली.

भांडं परत आलं की आडवी रेघ.
अख्खी दिवाडी त्या रेघांखाली,
जन्मलेली, लग्न झालेली, गेलेली.

बुडाला प्रत्येकाच्या लाल नेलपॉलिशची टिकली.
स्वतःच्या नखाला तिनं कधी लावलं नाही.
बाटल्या मात्र पणजीहून आणायची,
फेरीबोटीत पदराखाली धरून,
म्हातारपणी नटते असं कुणी म्हणू नये म्हणून.

देवमाणूस होती, असं आता सगळे म्हणतात.
मी मान हलवतो.
माझा वाढदिवस तिच्या लक्षात राहत नसे,
शिरवाळ्यांचा साचा कुणाकडे आहे ते राही.
मी नऊ वर्षांचा, अंगात ताप,
कपाळावर पट्टी ठेवून ती उठली
आणि बत्ती घेऊन निघून गेली.
फेरी बंद झालेली, कुणाची तरी सून अडलेली,
होडीतून पलीकडे न्यायची होती.
पहाटे परतली तेव्हा
साडीला गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि माझी पट्टी वाळून कडक.
मुलगी झाली, म्हणाली, जणू मी विचारलं होतं.
ते मी तिला फार वर्षं माफ केलं नाही.
त्या मुलीनं परवा
तिच्या पायांवर डोकं ठेवलं, उठेचना.

वहीत एकच ओळ रेघेवाचून राहिलेली,
एकोणीस वर्षांची.
सावित्री पालकर. पातेलं मधलं. लेकाचं बारावं.
आणि पुढे, त्याच पेन्सिलीनं: मागू नये.

मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.
परसात चुलीवर तेच पातेलं,
काजळीनं काळं, आत आंघोळीचं पाणी.
बुडाची टिकली केव्हाच जळून गेली असणार.
सावित्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.
"त्याला गरम पाणी लागायचं," म्हणाली,
"उन्हाळ्यातसुद्धा."
मग चहा केला. मी प्यालो.
खाजनातल्या भाताविषयी बोललो,
मानशीचं दार कुजलंय त्याविषयी.
येताना तिनं पिशवीत बिंबलं घातली.

शेवटी, बांबोळीच्या खाटेवर,
नाकात नळी असताना,
आई काहीतरी पुटपुटत होती.
बहीण म्हणते, देवाचं नाव.
मी वाकून ऐकलं होतं.
ती पराती मोजत होती.

आईच्या बाराव्याला सगळीच भांडी लागली.
घरच्यांनी आधी लिहायचं, हा तिचाच नियम.
लिहिलं: शालन नार्वेकर. बारावं. सगळं.
संध्याकाळी बायकांनी घासून, पुसून, पालथी घातली.
मोजली. बरोबर भरली.
पेन्सिल हातात घेतली आणि परत सोडली,
सुतळीला थोडा वेळ हलत राहिली.

मोठ्या भाणाची टिकली निघत आलीय.
बाटली उघडून पाहिली, आतलं सुकून खडा झालेलं.
पणजीला जाईन तेव्हा आणायला हवी.
दुकानातली मुलगी विचारील,
कुणासाठी, कुठला लाल.