पाच नाईक

मिरजेत, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत
दिवसभर मी लोकांचे दात घडवतो.
रात्री शटर अर्धं ओढून
त्याच दिव्याखाली, त्याच ब्रशनं
अंगठ्याच्या पेराएवढी माणसं रंगवतो.
पन्नास झाली. पाच तुकड्या, दहा-दहाच्या.
प्रत्येकीला एक नाईक.

अडचण अशी की नाईक ओळखू येत नाही.
बाहीवर दोन फिती काढल्यात मी,
श्वास धरून,
पण टेबलापलीकडून त्या कोण बघणार?
गेल्या रविवारी तिसऱ्या नाईकाला
साधा शिपाई समजून मीच कुंपणामागं सोडून आलो
आणि त्याच्या नऊ जणांना कुणी हुकूमच दिला नाही.
फाशावर सहा पडूनही
जागचे हलले नाहीत बिचारे.

इर्शाद सतारमेकर म्हणाला, निशाणं लाव की.
दर रविवारी समोर बसून माझी माणसं मारतो तो.
दुसऱ्या दिवशी दुकानातून तारेचं भेंडोळं घेऊन आला.
"वाजायची नाही आता, पण ताठ उभी राहील."
कापलेला तुकडा फरशीवर पडला
तेव्हा जरासा वाजलाच.

मलमाच्या रिकाम्या ट्यूबचा पत्रा
कात्रीनं कापला, पेन्सिलीवर गुंडाळून
त्याला वाऱ्याची घडी दिली.
पंखा बंद होता.

रंगाशी आलो आणि अडलो.
भगवा उघडला, झाकण लावलं.
हिरवा उघडला, झाकण लावलं.
निळ्यापर्यंत हातच गेला नाही.
आमच्या गावात काठीला चिंधी बांधली
तरी कुणीतरी गाडी थांबवून विचारतं, कुणाची?
इर्शाद तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
मग मी कवळीच्या डब्यातला गुलाबी काढला,
हिरड्यांचा.
सगळ्यांच्या तोंडात असतो,
कुणाच्याच झेंड्यावर नाही.
तो इतका हसला की फासे खाली सांडले.

शुक्रवारी अपशिंग्याचा मामा आला, खालची कवळी बसवायला.
नाईक म्हणून रिटायर झालेला.
चष्मा कपाळावर ढकलून एकाला दिव्याशी धरलं.
"ह्यो कोण?"
नाईक.
"आन् हातात हे काय, वरातीचं?
सेक्शनला निशाण नसतंय रं.
दिसलं की पैली गोळी तितंच.
आमी तर पुढं जाताना फितीबी काढून खिशात टाकायचो."
मग अंधारात पोरं ओळखायची कशी तुम्हाला?

मामानं कवळी काढून वाटीत ठेवली.
दाताशिवाय त्याचे शब्द नुसते वाऱ्याचे निघाले.
"खोकल्यावरनं.
मी वाईच खोकलो की समदी वळायची माझ्याकडं."
मग वाटीतल्या दातांकडं बघत,
"एकदा खोकलो तर सातच वळली."

इर्शादचं म्हणणं, खेळ आहे, दिसायला पाहिजे.
बरोबर आहे त्याचं.
निशाणं लावली की डब्याचं झाकण बसत नाही, हेही बरोबर.
आणि निशाणवाल्यालाच तो आधी मारणार,
हे त्यानं प्रामाणिकपणे सांगून ठेवलंय.

पण खोकला कसा रंगवायचा?

रात्री सगळ्यांत बारीक ड्रिल लावून
चौघांच्या मुठीत भोकं पाडली.
निशाणं वेगळी, काडेपेटीत.
लावायची का नाही ते रविवारी, फासा टाकण्याआधी.

तिसऱ्याची मूठ मी तशीच ठेवली.
त्याच्या नऊ जणांना चहाच्या भांड्यावर वाफेत धरून
एकेकाची मान
त्याच्या बाजूला वळवत बसलो.
दोन तुटल्या.
गोंद वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही.