दोरीचं दुसरं टोक

बस दिवसातून दोनदा. सकाळच्या बसनं उतरले,
बियाण्याच्या कंपनीचा फॉर्म, बॅगेत दोन पेनं.
थांब्यावर लाकडी बाक, बाकावर कुणीतरी विणलेली उशी,
चारी कोपऱ्यांना नाड्या, घट्ट गाठी.
चोराची भीती नाही म्हणे, वाऱ्याची आहे.

नोव्हेंबर. भात कापून झालेलं.
खाचरांत नुसते धसकट
आणि त्यात हंस, शेदीडशे तरी,
सांडलेले दाणे वेचणारे, सैबेरियाहून आलेले,
पोटापर्यंत चिखलानं भरलेले.
हंस इतके मळके असतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बावीस घरं. धूर सहा घरांतून.
शाळेच्या जिममध्ये आता मळणीयंत्रं उभी,
बास्केटबॉलची जाळी तशीच, वर.
वाटेत एक म्हातारा भेटला, कमरेला अस्वलासाठी घंटा.
माणूस दिसलं म्हणून त्यानं घंटा मुठीत धरली,
मान लववली,
आणि मी पुढे गेल्यावर सोडली.

त्सुया-सानचं वय ब्याऐंशी.
माझी दुभाषी कानाए, टोक्योची.
पहिल्या वाक्यातलं तिला निम्मं कळलं,
दुसऱ्यातलं पाव,
मग ती माझ्याकडे बघून हसली, ओशाळून.
म्हणजे आम्ही दोघीही परदेशातच होतो.
इकडे थंडीत तोंड फार वेळ उघडं ठेवत नाहीत, ती म्हणाली,
म्हणून शब्दही तोकडे.
‘के’ म्हणजे खा.
‘के’ म्हणजे ये.
कुठला ‘के’ ते समोरच्यानं ओळखायचं.

धुराची खोली अंधारी, छत काळंकुळीत, चकचकीत.
खाली चेरीची लाकडं धुमसतात, जाळ होऊ द्यायचा नाही.
वर मुळे टांगायचे, हातभर लांब, धुतलेले,
एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे,
दोन्ही बाजूंनी दोरीत अडकवत.
चार दिवस धूर, मग कोंड्यात दोन महिने.
कानाए खोकत बाहेर गेली ती गेलीच.

एक टोक त्सुया-सानच्या हातात,
दुसरं भिंतीतल्या खिळ्याला.
मोठा खिळा, बोटाएवढा,
छातीच्या उंचीवर. तिच्या नव्हे,
तिच्याहून उंच कुणाच्या तरी.
मी बघत राहिले.
ती टाचा उंचावून गेली, टोक सोडवलं,
न विचारता माझ्या हातात दिलं.

मग दुपार गेली.
ती मुळा ठेवी, मी पीळ घाली,
मी सैल सोडलं की ती दोरीला हलकासा हिसका देई,
जशी झोपेत लांब गेलेल्याला हाक.
डोळ्यांतून पाणी. धूरच तो, दुसरं काही नाही.
मध्येच ती काहीतरी लांबलचक बोलली,
त्यात ‘एइकिची’ दोनदा आलं
आणि एकदा हसू.
मी मराठीत म्हटलं, हो ना.
तिला पटलं असावं.

पाचाला खांबावरच्या भोंग्यातून धून वाजली,
मुलांनी घरी जावं म्हणून.
मुलं नाहीत.
हंस उठले मात्र, सगळे एकदम,
तळ्याकडे गेले.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: मनुष्यबळ किती लागतं.
बसची वेळ होत आलेली, कानाए घड्याळ दाखवत होती.
दारातून वळून पाहिलं
तर त्सुया-सान टाचा उंचावून
माझं टोक पुन्हा खिळ्याला अडकवत होती,
दोन वेढे, एक गाठ,
सवयीचा हात.
रकाना मी कोरा ठेवला.

थांब्यावर ती आलीच, गमबूट ओढत.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला गेल्या वर्षीचा मुळा
माझ्या हातात कोंबला,
बसचं दार मिटता मिटता म्हणाली:
के.

कानाए पुढच्या सीटवर झोपून गेली होती.
मी कागद उलगडला नाही बराच वेळ.
कोटाला धुराचा वास,
काचेपलीकडे अंधार,
आणि बाहेरच्या त्या बाकाच्या उशीचा लाल रंग
वळणापर्यंत दिसत होता.