घट

सराफानं आधीच तोलून दिलं होतं.
वरचं झाकण, खालचं झाकण, कडी धरून
अकरा ग्रॅम. त्यातून मिन्याची घट.
"निळं ते जळून जातं बाई, त्याचे पैसे होत नसतात.
आतली मशीन तुमची तुम्हाला परत."

मग नुसरत माझ्याकडं आली,
हिंगोलीत, मोंढ्याच्या पाठीमागं,
जिथं पाटीवर अजून मन्मथप्पांचंच नाव आहे
आणि लोक डोकावून विचारतात, "मिस्त्री कुठंयत?"
मीच, म्हणते मी.
डोळ्याला भिंग असतं तोवर कुणी पुढं बोलत नाही.

"एकदा चालू करून द्या," ती म्हणाली.
"फक्त एकदा. वितळायच्या आधी."

रुमालातून निघालं ते बाईमाणसाचं घड्याळ,
जुन्या रुपयाहून जरासं मोठं, साखळीत ओवून गळ्यात घालायचं.
पाठीवर निळा मिना,
पौषात सकाळी जवसाचं वावर दिसतं तसा.
जवस दुपारपर्यंत फुलं टाकून मोकळं होतं,
ह्यानं सव्वाशे वर्षं एक पाकळी टाकली होती फक्त.
त्या टवक्यात कुणीतरी बांगडीची लाख भरलेली,
रंग चुकलेला, हात चुकलेला नाही.

तिची पणजी हाजराबी, दाई.
छावणीतल्या मडमेचं आडवं मूल तिनं सरळ केलं,
त्याचं हे बक्षीस, असं नुसरतची आई सांगायची.
छावणी उठली तेव्हा लिलावात घेतलं, असं चुलते.
तिसरंही एक म्हणणं आहे,
ते फक्त लग्नात भांडण झालं की निघतं.
घड्याळ कधीचं पावणेचारवर गप्प.

हाजराबीला आकडे येत नव्हते. काटे यायचे.
मोठा काटा गव्हाएवढा सरकायच्या आत
दुसरी कळ आली, की म्हणायची,
पाणी ठेवा.

मी मागचं झाकण उघडलं.
झाकणाच्या पोटात, जिथं मालकीण कधी बघत नाही,
आम्ही लोक लिहितो. सुईनं.
एक नंबर परदेशातला, ठोकलेला.
एक इंग्रजी अक्षर, घाईचं.
मग उर्दूत कुणी अब्दुल, पुढचं पुसट,
तेराशे अडतीस फसली, एवढ्याशा जागेतही लफ्फेदार.
मालकिणींची नावं नाहीत. एकीचंही नाही.
आणि अगदी कडेला बेलाचं पान.
तीन रेघा. अप्पांची खूण.
खाली टिंब.

भिंग काढलं. पुसलं. परत लावलं.

टिंब म्हणजे बाकी.
वही तर वाळवीनं कधीच खाल्ली.
साल नव्हतं, पण किल्ली होती,
सायकलच्या आऱ्याच्या निपलची, कानशीनं घासून बसवलेली.
म्हणजे बहात्तरच्या पुढंमागं,
घड्याळं येईनात म्हणून अप्पा पंक्चर काढायचे तेव्हाची.

"तुमच्याकडं आमचे पैसे राहिलेत," मी म्हटलं.
नुसरत हसली, मग घाबरली. "किती?"
मला तरी काय माहीत किती.

खोलत गेले. काळ्या मातीचा भुगा,
वाळून डिंक झालेलं तेल,
आणि चक्राला वेढा घालून बसलेला
एक केस. मेंदी लावलेला, मुळाशी पांढरा.
एवढ्यासाठी थांबलं होतं.
कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिला.
तिनं पुडी उघडली नाही. वजन बघितल्यासारखी
तळहातावर नुसती धरून राहिली.

चाललं.
तासाला चार मिनिटं पुढं पळत होतं.
"कमी करू?"
"पळू द्या."

ती पर्स उघडू लागली तेव्हा
झाकण मिटायच्या आधी मी सुई घेतली
आणि बेलाच्या पानाशेजारी माझी खूण केली.
माझी खूण अशी ठरलेली नव्हती,
हात गेला तशी झाली.
खाली टिंब.

"किती झाले?"
"आत मांडलंय. पुढच्या खेपेला बघू."

सराफ्याची गल्ली आणि बस स्टँड,
दोन्ही माझ्या दुकानातून डावीकडंच.
ती डावीकडं वळली.