छाट

पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा हजार.
निपाणीत आमच्या बोळात
माझं पहिलं गणित आईच्या मांडीवरच्या सुपातून वर आलं.
पाढे पाठ व्हायच्या आधी मला ठाऊक होतं
की हजार म्हणजे दीड दिवस,
आणि तिची पाठ धरली की दोन.

संध्याकाळी कारखान्यात जिनगोंडा चेकर
टोपलीत हात घालायचा.
हजारातून एक मूठ.
विडी दोन बोटांत दाबून बघायची, कानाशी फिरवायची,
मग न बघितलेल्या सगळ्यांचा निकाल:
"साठ छाट."
छाटीचे पैसे नाहीत, आणि विडीही परत नाही.
आई भांडायची नाही. पदर झटकायची.
भुकटी उडायची, मी शिंकायची.

सातवीत मी एक वही केली.
वार, कट्टे, छाट.
तीन रकाने, लाल पेन्सिलीनं आखलेले.
चार महिन्यांनी त्यात दिसलं ते असं:
सोमवारी चाळीसच्या आसपास, बुधवारी पन्नास,
आणि शनिवारी, पगाराच्या दिवशी,
नव्वदच्या वर.
पान तेच, दोरा तोच, बोटंही तीच.
आईला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाहीत.
ती रकान्यावरून नख फिरवत खाली आली.
"हे खरं हाय व्हय?"
"हाय की."
"मग तांदळाच्या डब्यात ठेव. कुणाला दावू नको."

पीयूसीला बेळगावात सगळं इंग्रजी झालं.
एसटी स्टँडवरच्या पाट्यांवर आकडे कानडी:
दोन, तीन, चार आपल्यासारखेच,
पाचापासून वाट बदलते.
पहिल्या आठवड्यात दोनदा चुकीच्या बसमधून हुक्केरीला गेले.

मामा म्हणाला, गणित घेऊन करणार काय?
बँकेत चिकट, नाहीतर मास्तरीण हो.
मला सांगता येईना.
अंकलगी मॅडम फळ्यावर सिग्मा काढून
वळून विचारायच्या, "तिळीतेन?"
आणि ज्या दिवशी त्या नमुना निवड शिकवत होत्या,
थोड्यावरून सगळ्याचा अंदाज,
त्या दिवशी पूर्ण वर्गात
तंबाखूचा वास एकटीला आला.

धारवाडला एमएस्सी झाली. हॉस्टेलच्या खोलीत
प्रमेयं रात्री दोनला सुटायची आणि सकाळी पुन्हा अडायची.
वर्षभर नोकरी नव्हती. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

आता सर्वेक्षणाचं काम करते.
चिकोडीच्या पुढं एका घरी फॉर्म भरताना विचारलं,
घरात भाषा कुठली? एकाच चौकोनात खूण.
बाई शेणाचे हात धूत म्हणाली,
"नवऱ्याशी कानडी, देवाशी मराठी,
म्हशीशी दोन्ही."
मी समासात सगळं लिहून घेतलं.
मशीन समास वाचत नाही.

परवा घरी गेले तर आई विचारत होती,
"किती घरं बगितलीस?"
बाराशे.
"आणि सांगणार किती जणांचं?"
सगळ्या जिल्ह्याचं.
तिचा दोऱ्याचा हात थांबला.
"म्हंजे तू बी मूठच घालतीस."

मी समजावत बसले:
चिठ्ठ्या काढतो, आई, प्रत्येक घराला सारखी संधी,
आपल्या आवडीचं घर उचलायचं नाही,
आणि शेवटी किती चूक असू शकते
तेही छापून द्यायचं.
"चूक? आपली आपण?"
हो.
"खाली सही करून?"
हो.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
सुपातली पानं उगाच इकडची तिकडं केली.
मग, मान वर न करता,
"शनवारचे किती गं होते?"
डब्यापर्यंत जावं लागलं नाही.
सरासरी त्र्याण्णव, म्हणाले.