ज्याला कुणी हाक मारत नाही

कुतायसीत, पावाच्या भट्टीवरच्या खोलीत
आम्ही तिघांनी ते अवजार लिहिलं.
जमिनीतून धग यायची, हिवाळाभर हीटरचं बिल वाचायचं.
नाव ठेवलं 'बेर्त्कवा'.
अक्रोडाचं झाड काठीने झोडतात ना,
त्याला आमच्याकडचा शब्द.

काम साधंच. कुणी वेबसाइट बांधतं,
एका बटणापायी शंभर फायली ओढून आणतं.
बेर्त्कवा ते झाड गदागदा हलवतं
आणि ज्या फंक्शनला कुणी हाक मारत नाही
ते खाली पडतं.
उरलेलं हलकं होऊन पुढे जातं,
डोंगरातल्या एखाद्या गावी, जुन्या फोनवर,
चटकन उघडतं.
नेस्तान म्हणायची, आपण जगाच्या पाठीवरचं ओझं उतरवतो
आणि हमाली मागायला लाजतो.

मग एका मंगळवारी बातमी आली.
समुद्रापलीकडच्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं होतं.
'कळवण्यास आनंद होतो' अशी सुरुवात,
आमच्या गावाचं नाव चुकीचं छापलेलं.
आकडा नेस्तानने पावाच्या पिशवीवर लिहून दाखवला.
शून्यं मोजताना झ्वियाद प्रत्येकावर बोट ठेवत गेला,
पिठाचं बोट.

अकरा आठवड्यांनी दुसरी बातमी.
'अधिक चपळ होण्यासाठी', शेकडा नऊ.
फोटो मात्र तोच: टेबलाभोवती हसणारी माणसं.
त्या नवांत झ्वियाद.

झ्वियाद चुकांचे निरोप लिहायचा.
बाकीची अवजारं चुकलात की तोंडावर दार आपटतात.
त्याचं वाक्य शेजाऱ्यासारखं यायचं:
'सदतिसाव्या ओळीत कंस उघडलात, मिटायचा राहिला.
होतं असं.'
शेवटचे दोन शब्द काढा,
म्हणून नव्या साहेबांनी त्याला दोनदा कळवलं होतं.
त्याने दोनदा हो म्हटलं होतं.

एक गोष्ट आम्ही माहितीपत्रकात तळाशी, बारीक अक्षरांत लिहिली होती.
बेर्त्कवाला फक्त नाव घेऊन मारलेली हाक ऐकू येते.
कुणी आयत्या वेळी अक्षरं जुळवून
आडून बोलावलं, तर ते त्याला दिसत नाही.
त्याच्या लेखी ते फंक्शन बिनकामाचं.
सगळं सुरळीत असतं तोवर कुणाला पत्ता लागत नाही.
मग एखाद्या रात्री काहीतरी मोडतं,
सावरायला हाक जाते,
आणि तिथे कुणी नसतं.

मी हे अवजाराबद्दलच बोलतोय.
बरं, नाही बोलत.

ऑक्टोबरात नेस्तानच्या आत्याच्या गावी गेलो, बागदातीजवळ.
झ्वियाद काठी घेऊन फांदीवर, मी खाली गोणी धरून.
हिरवी सालं सोलता सोलता हात काळे झाले,
साबणाने जात नाही तो रंग, लिंबानेही नाही.
तेवढ्यात बाकावरचा लॅपटॉप किणकिणला.
नेस्तानने अंगठा ठेवला.
ओळख पटली नाही.
पुसून ठेवला. पटली नाही.
वरून झ्वियाद म्हणाला, माझा लावून बघ.
कुणी हसलं नाही.
मग त्सिउरी आत्या हसली,
तिला काहीच कळलं नव्हतं म्हणून.

शेंड्याचे राहू दे, ती वर बघून ओरडली.
कुणासाठी? झ्वियादने विचारलं.
आत्या विचारात पडली.
ते मला काय माहीत, म्हणाली, ज्याला लागतील त्याला.

नेस्तानला नवव्या दिवशी लॅपटॉपने ओळखलं.
तिने पहिलं काम केलं ते एवढंच:
चुकांच्या निरोपांच्या फायलीवर एक खूण,
हलवलं तरी पडू न देणारी.
बदलाचं कारण लिहा, अशी चौकट उघडली.
तिने लिहिलं, होतं असं.

मंजुरी अजून यायची आहे.
झ्वियाद सध्या खालच्या भट्टीत पाव थापतो,
नखांच्या कडा अजून काळ्या.