ळ

बोरा वारा सुटला की त्रिएस्तेच्या चढावर
पूर्वी दोर बांधत, धरून चालायला.
नीव्हेस कोशुता हे सांगता सांगता
माझ्या वहीत दोरच काढते :
हे टोक काल, ते टोक उद्या,
गाठ मारायची तेवढी राहिली.

पस्तीस वर्षं सापेक्षता शिकवून ती निवृत्त झाली.
मी तिच्या वरच्या खोलीतला भाडेकरू.
तिचा भाऊ द्रागो, टगबोटीवर जन्म गेलेला,
टेबलापलीकडे मासे साफ करतोय.
"जमतं की नाही, एवढंच सांग."

"कागदावर जमतं.
अख्खं विश्व भोवऱ्यासारखं फिरत असेल
तर प्रकाशाचे शंकू कलतात, कलत कलत
नाकासमोर चालणारा माणूस
स्वतःच्याच कालच्या दारात येऊन उभा राहतो.
प्रकाशाला कुठेही मागे न टाकता."
"मग?"
"मग काय. आपलं विश्व फिरत नाही.
निदान फिरताना कुणाला सापडलेलं नाही."
"दुसरी वाट?"
"तिच्या उंबऱ्याशी पोकळीच इतकी उसळते
की दार जळून जातं म्हणे.
म्हणे. सिद्ध कुणी केलेलं नाही."

द्रागोला सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर हवाय,
त्यातली पाचच मिनिटं,
बाप धक्क्यावरून होडी सोडत होता तेव्हाची.

"गेलास तरी होडी सुटेलच," नीव्हेस म्हणते.
"गाठ बसायची तर घडलं तेच घडायला हवं.
तू ओरडशील. वाऱ्यात ऐकू जाणार नाही."

सुरी थांबते.
"होता एक म्हातारा. हात हलवत होता.
टोपी होती त्याला."

नीव्हेस वहीतून मान वर करत नाही.
"टोप्या तेव्हा सगळेच घालायचे."

बराच वेळ खिडकीच वाजत राहते.
मोरीत खवल्यांचा ढीग. हे खवले
परत माशाला चिकटू नयेत असं
कुठल्याच समीकरणात लिहिलेलं नाही,
आणि चिकटत तर नाहीत.

मग ती मलाच विचारते,
तुमच्याकडे याला काय म्हणतात, या सगळ्याला?
काळ, मी म्हणतो. जीभ मागे वळवायची,
टाळूला लावून सोडायची. ळ.

ती तीनदा करून बघते.
जीभ सरळच राहते. काल, काल, काल.

"तो तर गेलेला दिवस झाला," मी सांगतो.

"पुन्हा म्हण," द्रागो म्हणतो
आणि मासा उलटा करून
दुसरी बाजू खरवडायला घेतो.