लाभ

सकाळी सहा. मूठ मिटत नाही.
बोटं नुसती उभी,
लिलाव सुरू व्हायच्या आधी दलाल असतात तशी,
एकमेकांच्या तोंडाकडे बघत.
पद्मिनी पातेल्यात कोमट पाणी आणते.
मी दोन्ही हात आत सोडतो.
पाणी निवेपर्यंत मला दुसरं काम नाही.

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात मापाडी होतो.
जो येतो तो सांगतो,
भूपालअण्णा, दुधातनं हळद घेत जा.
अरे, नाकात गेली, कानात गेली,
मोरीतनं वर्षानुवर्षं पिवळं पाणी गेलं,
लग्नात मला वेगळी हळद लावायला नको
असं सासरे सगळ्यांदेखत म्हणाले होते.
गुडघ्याला तिचा गुण यायचा असता
तर तेव्हाच आला असता.

मंगळवारी मिरजेहून तरन्नुम मुजावर येते.
हेल्मेट उंबऱ्याशी ठेवते,
आधी माझं चालणं बघते, मग मला.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
तिनं काड्यांची माणसं काढून दिलीत.
एक पलंगावर, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन
ती हळूच खाली दाबणारं.
एक खुर्चीतनं हात न टेकता उठणारं.
एक ओट्याला धरून टाचा उचलणारं,
जसं काही फडताळावरचा डबा बघतंय.
तोंड कुणालाच नाही.
पहिल्या दिवशी पद्मिनीनं तिसऱ्याला मिशा काढल्या.

दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा, म्हणाली तरन्नुम.
मी मोजलं: लाभ, दोन, तीन...
ती थांबली. लाभ काय?
म्हटलं, पोरी, मापाला एक म्हणत नाहीत.
पहिलं माप लाभाचं.
ती हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं.

दुखणं दहात किती, ते रोज सांगायचं.
चारच्या वर गेलं की थांबायचं.
सांगलीच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.
पद्मिनी चहा ओतताना विचारते,
आज पातळी किती?
साडेतीन.
इशारा पातळी चार, ती म्हणते, आणि साखर कमी घालते.

तिसऱ्या आठवड्यात घोट्याला बांधायला पिशवी आली.
अर्ध्या किलोची ज्वारी भरा, म्हणाली.
मी भरली, तळव्यावर तोलली:
चारशे ऐंशी.
कोपऱ्यावरच्या कोळ्याच्या दुकानात काट्यावर ठेवली,
चारशे ब्याऐंशी.
त्या दिवशी मी घरी जरा ताठ चाललो.

आणि तिथंच चुकलो.
क्विंटलच्या पोत्यांपुढं उभा राहिलेला माणूस,
त्याला ही चिमणीची शिदोरी?
गुरुवारी एक ओंजळ वाढवली, शुक्रवारी दुसरी.
रविवारी गुडघा भोपळ्यासारखा,
पातळी सात,
पद्मिनी दोन दिवस बोलली नाही.

तरन्नुमनं पिशवी नुसती उचलली.
काट्याची गरज तिलाही नव्हती.
अण्णा, हे कुणासाठी वाढवलं?
उत्तर नव्हतं. बघायला कुणी नव्हतंच.
मग तिनं पिशवी सोडून पावशेर ठेवलं
आणि उरलेलं पद्मिनीच्या पदरात ओतलं.

जन्मभर मापात पाप केलं नाही.
व्यापारी डोळे मिचकवायचे, मी काट्याकडे बघायचो.
आता रोज सकाळी कमी मापतो
आणि ते खरं माप आहे,
हे गळी उतरायला गुडघ्यापेक्षा जास्त वेळ लागतोय.

दसरा होऊन गेला. फार काही झालं नाही.
जिना अजून बाजूनंच उतरतो.
शर्टाचं वरचं बटण पद्मिनीकडं आहे,
ते तिच्याकडंच राहू दे म्हणतो.

पण काल, पाण्यातनं हात काढल्यावर,
डब्यातली ज्वारी मुठीत घेतली.
बोटं मिटली. सगळी नाही,
करंगळी बाहेरच राहिली,
तिच्या फटीतनं चार दाणे ओट्यावर पडले.

बाकीचे राहिले.
मी त्यांना मोजलं नाही.
नुसतं म्हटलं, लाभ.